बसलेल्या गाईचे शिल्प : संगणकावरील पहिला पाठ

संगणकावर शिल्प घडविण्यास आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही प्रथम बसलेली गाय देतो. उभ्या प्राण्याची एक बाजू घडविली की संगणक दुसरी बाजू आरशाप्रमाणे स्वतःच घडवितो. बसलेल्या गाईच्या बाबतीत ही सोय पुरत नाही. ती एका कुशीवर कलते, पुढचे पाय छातीखाली दुमडते आणि मागचे पाय एका अंगाला काढते. म्हणून येथे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

साधन म्हणून ‘ब्लेंडर’ ही विनामूल्य प्रणाली पुरेशी आहे. छाती, पोट व कंबर यांचे तीन गोळे मांडून जोडावेत आणि ‘रीमेश’ने एकजीव करावेत. मग सममिती बंद करून ‘ग्रॅब’ या ब्रशने कण्याला बाक द्यावा. जमिनीस टेकलेला भाग सपाट करावा व पोट बाजूंना पसरू द्यावे. शरीराचा भार तेथेच दिसतो. मान मात्र सैल सोडू नये. रवंथ करणारी गाय मान स्वतः पेलते. ती लोळली तर जनावर मेलेले वाटते. डोळे, शिंगे, कातडीच्या वळ्या अखेरीस.

अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ मध्ये बुद्धमूर्तीच्या आसनपीठावर चक्राच्या दोन्ही अंगांस हरणे कोरलेली आहेत. पाषाणातून उडालेली कपची पुन्हा बसविता येत नाही. त्यामुळे छिन्नी लावण्यापूर्वीच पाहणे पुरे करावे लागते. संगणकावर चूक क्षणात पुसते, म्हणून पाहण्याचा आळस जडतो. तो टाळण्यासाठी आधी गोठ्यात जावे, गाईस चारही बाजूंनी न्याहाळावे, आणि नंतरच संगणकापुढे बसावे.