एमटेक्स्टची चौकट आणि तुटणाऱ्या ओळी

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. प्लॅन झाला, सेक्शन झालं, डायमेन्शन्स पडली, पण 'जनरल नोट्स' काही जागेवर बसत नाहीत! कुठे एकच ओळ शीटच्या बॉर्डरबाहेर पळते, कुठे एकेका शब्दाची उभी माळ लागते. मित्रांनो, ऑटोकॅडचा यात दोष नाही. मजकुराची रुंदी ठरवायची राहून गेलेली असते, एवढंच.

ऑटोकॅडमध्ये मजकूर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. 'डीटी' दिलं की एकेरी ओळ मिळते. तिला रुंदीची मर्यादा नाही, ती आपणहून खाली वळत नाही, एंटर दाबलं की पुढची ओळ स्वतंत्र वस्तू होते. खोलीचं नाव लिहायला हे उत्तम. नोट्ससाठी मात्र 'टी', म्हणजे एमटेक्स्ट. इथे दोन कोपरे टिचकावून चौकट आखायची असते. या चौकटीची रुंदी खरी, उंची नुसती नावाला. मजकूर जास्त झाला तर तो चौकट ओलांडून खाली वाहतो.

ही रुंदी नंतरही बदलता येते. मजकूर निवडून कंट्रोल-१ दाबा, प्रॉपर्टीजमध्ये 'डिफाइन्ड विड्थ' दिसेल. तिथे आकडा टाका, ओळी नव्याने वळतील. शून्य टाकलं तर वळणं पूर्ण बंद, ओळ फक्त एंटरलाच तुटेल. बॉर्डरबाहेर पळणाऱ्या नोटचं कारण बहुधा हे शून्यच असतं. एडिटरमधला 'विड्थ फॅक्टर' वेगळा, तो अक्षरं चेपतो किंवा ताणतो. नोट बसेना म्हणून तो ०.६ करणारे महाभाग आहेत. व्हायवाला सर भिंग मागतात.

आकडा किती टाकायचा? समजा मॉडेल स्पेसमध्ये मिलिमीटरमध्ये काढलंय आणि प्लॉट १:१०० ला आहे. कागदावर नोट्सना १२० मि.मी. रुंदी हवी, तर डिफाइन्ड विड्थ १२०००. अक्षराची उंची ३.५ मि.मी. हवी, तर ३५०. लेआउटमध्ये लिहिलं तर हा गुणाकार लागत नाही.

प्रत्येक ओळीनंतर एंटर मारून नोट्स 'बसवायची' सवय मात्र सोडाच. फॉन्ट बदलला किंवा मध्ये एक शब्द घातला की सगळी रचना विस्कटते. मुद्दा संपला की एंटर, एरवी नाही. सिव्हिलवाल्यांना एक जादा सूचना. सळीचा व्यास आणि अंतर लिहिताना '१५०' या ओळीत आणि 'मि.मी.' पुढच्या ओळीत गेलं, तर साइटवर वाचणारा अडखळतो, आणि चुकीचं अंतर बांधलं गेलं तर काँक्रीट पडल्यावर ते दिसतही नाही. आकडा आणि एककामध्ये कंट्रोल-शिफ्ट-स्पेस द्या, ती जोडी तुटणार नाही.

२००८ च्या आवृत्तीपासून एमटेक्स्टला कॉलमही आले. खालची ग्रिप चुकून वर ओढली गेली तर उरलेला मजकूर शेजारी दुसऱ्या कॉलमात उडी मारतो, कधी थेट ड्रॉइंगवर. नको असेल तर एडिटरमध्ये कॉलम्सखाली 'नो कॉलम्स' निवडा. मित्राच्या फाइलमधल्या सुट्या ओळी एकत्र करायच्या असतील तर टेक्स्टचं एमटेक्स्ट करायची सोय आहे. उलट, एमटेक्स्ट एक्सप्लोड केलं की प्रत्येक ओळ सुटी होते आणि रुंदी गेली ती गेलीच.

राहता राहिला प्लॉटिंगचा दुकानदार. त्याच्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसेल तर ऑटोकॅड दुसरा फॉन्ट लावतं. त्याची अक्षरं रुंद असली की ओळी वेगळ्या जागी तुटतात, पाच ओळींच्या सहा होतात आणि सहावी ओळ टायटल ब्लॉकवर बसते. म्हणून डीडब्ल्यूजीबरोबर आपल्याच मशीनवर काढलेली पीडीएफ न्या, आणि प्लॉट तिच्यावरूनच काढून घ्या.