धुण्याचे पाणी तापवावे काय?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. तेथे किंवा वऱ्हाडातील कोणत्याही गावी थंडीत भल्या पहाटे खोल विहिरीचे नाहीतर बोअरचे ताजे पाणी काढा व त्यात हात घाला. पाणी चक्क कोमट लागेल! जमिनीखाली काही मीटरांवर तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच राहते आणि ते त्या भागातील हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास असते. आपल्याकडे ही सरासरी सुमारे २५ ते २७ अंश सेल्सिअस येते. पहाटेची हवा १०-१२ अंशांवर उतरली, की तेच पाणी हाताला ऊन वाटते.

मग हे पाणी धुण्यासाठी आणखी तापवायचे, तर खर्च किती? २० लिटरची बादली घेऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायचे, म्हणजे २० × ३५ = ७०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. तेव्हा रॉडने तापवल्यास दर बादलीस ०.८ युनिट, रोज एक बादली धरली तर महिन्याला २४ युनिटे. १० वॅटचा एलईडी दिवा एवढ्या विजेवर २,४०० तास जळेल! घरच्या बिलावरील दराने गुणून रुपये तुम्हीच काढा.

चुलीचा हिशेब याहून वाईट. एक किलो वाळल्या लाकडात सुमारे ४,००० किलोकॅलरी असतात खऱ्या. पण उघड्या चुलीवर त्यांतील दहा-पंधरा टक्केच भांड्याला लागतात, बाकीच्या धुरासोबत जातात. म्हणजे बादलीमागे सव्वा ते पावणेदोन किलो सरपण, महिन्याला चाळीस-पन्नास किलो. हा भार बहुधा आई किंवा बहीण डोक्यावरून आणते, आणि धूरही तिच्याच डोळ्यांत जातो.

पण मग परीट भट्टी का लावत? त्यांचे करणे चुकीचे नव्हते. चरबी वा तेलापासून केलेला साबण गार पाण्यात नीट विरघळत नाही. शिवाय आपल्या काळ्या पाषाणातील पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. अशा दुष्फेन पाण्यात साबणाचा फेस होण्याऐवजी साका होतो. सोडा आणि उष्णता ही त्यावरची तोड होती. आजची धुण्याची पावडर म्हणजे संश्लेषित अपमार्जक. ती गार पाण्यात विरघळते व तिचा साका होत नाही.

कित्येक पावडरींत विकरेही असतात. १९१३ साली ओटो रोम या जर्मन रसायनज्ञाने जनावरांच्या स्वादुपिंडातील विकरे धुण्यासाठी वापरण्याची युक्ती काढली. आता ती सूक्ष्मजीवांकडून करवून घेतात. रक्त, दूध, घाम यांच्या डागांतील प्रथिनांचे ती तुकडे करतात. त्यांना कोमट पाणी मानवते. कढत पाण्यात ती निकामी होतात. उलट रक्ताच्या डागावर कढत पाणी ओतले, तर उकडलेल्या अंड्यासारखी प्रथिने गोठून डाग पक्काच बसतो.

गार पाण्यात काम सावकाश होते, म्हणून कपडे अर्धा तास भिजत ठेवावे लागतात. तुपाचा डाग मात्र थंडीत गोठलेला असतो. त्याला तांब्याभर ऊन पाणी पुरे. अपवाद खरा आहे तो आजाऱ्याच्या कपड्यांचा. घरात कोणाला खरूज झाली असेल, तर त्याचे कपडे व अंथरूण-पांघरूण ५० अंशांहून अधिक गरम पाण्यात निदान दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे खरजेचे किडे मरतात.

एका जुन्या पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे घ्या. दोहोंवर शेंगदाण्याच्या तेलाचे सारखे थेंब टाका. एक ताज्या विहिरीच्या पाण्यात व दुसरा ६० अंशांच्या पाण्यात, सारखीच पावडर घालून अर्धा तास भिजवा, सारखेच चोळा आणि वाळवा. मग कोणता कोणत्या पाण्यातला, हे न सांगता घरच्या माणसांना ओळखायला लावा.