परसातील कोंबड्या : दाण्याची व पाण्याची भांडी कशी निवडावीत?

चांदवड परिसरात धंद्याला जोड म्हणून पंधरा-वीस कोंबड्या पाळणारी घरे बरीच आहेत. पिल्ले घेताना आपण घासाघीस करतो. भांडे मात्र घरातली जुनी परात! नफा तिथेच सांडतो.

हिशेब पाहा. बंदिस्त ठेवलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे 120 ग्रॅम खाद्य खाते. वीस कोंबड्यांना 2.4 किलो लागते. त्यातला दहावा हिस्सा उकरून वाया गेला, तर महिन्याला 7 किलोंवर खाद्य मातीत जाते.

म्हणून दाण्याचे भांडे लांबट, कडा आत वळवलेले घ्यावे. दर कोंबडीमागे 10 सेंटीमीटर कड धरावी. दोन्ही बाजूंनी खाता येणारे एक मीटरचे भांडे वीस कोंबड्यांना पुरते. वर फिरता दांडा बसवला की कोंबडी त्यावर बसून घाण करत नाही. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच ठेवावी आणि भांडे एक तृतीयांशच भरावे. पिल्लांसाठी उथळ, लहान भांडे वेगळे ठेवावे.

पाणी खाद्याच्या दुप्पट लागते. उन्हाळ्यात त्याहून बरेच जास्त. वीस कोंबड्यांना एरवी पाच लिटर, तर एप्रिल-मेमध्ये दहा लिटरांची तयारी हवी. पाच-पाच लिटरची दोन भांडी सावलीत ठेवावीत. एक उलटले तरी दुसरे असते. उघड्या परातीपेक्षा बशीवर उपडे ठेवायचे प्लॅस्टिकचे भांडे बरे. पाणी सांडून तूस ओले झाले की रक्ती हगवण बळावते. भांडे रोज घासावे. मानमोडीची लस पाण्यातून द्यायची असेल, तर धातूचे भांडे व जंतुनाशक घातलेले पाणी वापरू नये.

पत्र्याचे काम करणाऱ्या आमच्या कारागीर बांधवांनाही यात काम आहे. दाण्याचे भांडे जस्ताच्या पत्र्याचे, दुमडीच्या सांध्याचे बनवावे. धारदार कड ठेवू नये. पाण्याच्या भांड्याला शिशाचा डाग मात्र कधीच देऊ नये. शिसे विषारी असून अंड्यातही उतरते.

आम्ही एवढेच सुचवू की, पुढची पिल्ले घेण्याआधी भांडी घ्यावीत. भांड्याचा खर्च एकदाच होतो, सांडलेल्या दाण्याचा रोज.