प्रश्न परत का येतो?

चि. ओंकार यास,


प्रश्नमंजूषेसाठी लिहिलेला तुझा कोड नीट वाचला. प्रश्न वीस आहेत आणि बटण दाबलं की आधी येऊन गेलेलाच प्रश्न पुन्हा येतो, म्हणून ‘मॅथ.रँडम बिघडलंय’ असं तू लिहिलंस. ते मला पटत नाही. मॅथ.रँडम दर वेळी शून्यापासून एकच्या आतला एक आकडा देतं; मागे काय दिलं होतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. वीस प्रश्नांतून असे सहा उचलले, तर एखादा तरी दुसऱ्यांदा येण्याची शक्यता 56 टक्के आहे. काय येऊन गेलं ते लक्षात ठेवणं तुझ्या कोडचं काम, तेव्हा चूक तिथेच शोध.

झालेल्या प्रश्नांसाठी तू वेगळा अ‍ॅरे ठेवलास, पण तो फंक्शनच्या आत. बटण दाबलं की फंक्शन नव्याने चालतं आणि अ‍ॅरे पुन्हा कोरा होतो. ती ओळ बाहेर काढलीस की पुनरावृत्ती थांबेल. मात्र विसावा प्रश्न झाल्यावर तुझा लूप न सापडणारा प्रश्न शोधत बसेल आणि पान गोठेल. शिवाय ‘नको असलेला आला की पुन्हा उचल’ या रीतीने वीसही प्रश्न यायला सरासरी 72 वेळा उचलावं लागतं. तांबोल्यात निघालेला आकडा पुन्हा पिशवीत टाकत नाहीत, तसं कर: निवडलेला प्रश्न स्प्लाइसने काढूनच घे. पण मूळ अ‍ॅरे दुसऱ्या नावाच्या व्हेरिएबलला दिला म्हणजे प्रत झाली असं समजू नकोस. दोन्ही नावं एकाच अ‍ॅरेची असतात, मूळ यादीच रिकामी होत जाईल. स्लाइस वापरून खरी प्रत घे. आणि स्प्लाइस प्रश्न देत नाही, एका प्रश्नाचा अ‍ॅरे देतं. त्यातला शून्यावा घटक उचल.

माझं मत विचारशील तर सगळे प्रश्न एकदाच पिसून घे आणि मग ओळीने विचार. पिसण्याची पद्धत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी 1938 साली छापली, रिचर्ड डर्स्टेनफेल्ड यांनी 1964 मध्ये ती संगणकाला सोयीची केली. शेवटच्या जागेपासून सुरुवात करायची. त्या जागेसकट तिच्या अलीकडची कुठलीही एक जागा निवडायची, अदलाबदल करायची, एक पाऊल मागे यायचं. ‘अलीकडची’ हा शब्द विसरू नकोस. दर वेळी पूर्ण अ‍ॅरेतून जागा निवडलीस, तर तीन घटकांना 27 वाटा होतात आणि क्रम मात्र सहाच. 27 ला सहाने भाग जात नाही, म्हणजे काही क्रम जास्त वेळा येणारच.

सॉर्टला रँडम उणे अर्धा देणारी एक ओळ तुला कुठेही सापडेल. ती उचलू नकोस. सॉर्टला तुलनेचं सुसंगत उत्तर लागतं. दर वेळी वेगळं सांगितलं तर निकाल ढळतो. 2010 साली मायक्रोसॉफ्टने युरोपात विंडोजवर ब्राउझर निवडायचा पडदा दिला, त्यात अशीच सॉर्ट होती. पहिल्या पाच ब्राउझरना सगळ्या जागा सारख्या मिळायला हव्या होत्या. पण तो पडदा इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडला की त्याचंच नाव जवळपास निम्म्या वेळा पाचव्या जागी येई. लोकांनी मोजून दाखवलं, तेव्हा कोड बदलला गेला.

तूही मोज. तीन घटकांचा अ‍ॅरे 60,000 वेळा पिस आणि सहाही क्रम प्रत्येकी 10,000 च्या आसपास येतात का ते बघ. कन्सोलवर अ‍ॅरे छापताना त्याची प्रत छाप, कारण ब्राउझर बऱ्याचदा तू उलगडशील त्या क्षणाचा अ‍ॅरे दाखवतो, छापला तेव्हाचा नाही. यात मुलांचे तासन्‌तास वाया जाताना मी पाहिलंय. आणि फंक्शनला मॅथ.रँडम बाहेरून दे. म्हणजे तपासताना त्याच्या जागी तुझे ठरलेले आकडे देता येतील आणि चूक हवी तेव्हा पुन्हा घडवता येईल.

एक बारीक गोष्ट राहिली. फेरी संपून यादी पुन्हा पिसलीस की मागच्या फेरीतला शेवटचा प्रश्न नव्या फेरीत पहिला येऊ शकतो. तो तपासून मागे सरकव. हे सगळं केलंस की सहाही क्रमांचे आकडे मला पाठव, मी वाट बघते.

तुझी,
आत्या