कव्हरला उभं राहणाऱ्या भाच्यास

धडगाव



फोनवर तू नेहमीसारखं 'हो, बरं' एवढंच बोललास. खरी गोष्ट तुझ्या आईकडून कळली. आश्रमशाळेतून तळोदा आदिवासी विकास प्रकल्पाच्या कबड्डी संघात, तिथून नाशिक विभागाच्या संघात तू गेलास, आणि शिबिरात सरांनी तुला रेडला न पाठवता पकडीसाठी उजव्या कव्हरला उभं केलं. 'रेडर म्हणून खेळवायचं नव्हतं तर मला घेतलं कशाला?' असं तू आईला विचारलंस. प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचं धड उत्तर देता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

आधी तुमचा संघ कसा बनला ते बघ. नाशिक, कळवण, राजूर, धुळे, यावल, नंदुरबार आणि आपला तळोदा, एवढ्या प्रकल्पांतून पोरं निवडली गेली. शाळेच्या कबड्डीत निवडणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो तो रेडर. कॉर्नरने किती वेळा पाय धरला हे फारसं कुणी मोजत नाही. त्यामुळे विभागाच्या शिबिरात जमलेली बहुतेक पोरं आपापल्या शाळेत पहिल्या नंबरची रेडर असतात. आणि रेडला एका वेळी एकच जातो, तोही 30 सेकंदांसाठी. बाकीच्या सहांनी तोवर करायचं काय? तुझी अडचण इथून सुरू होते, आणि ती तुझ्या एकट्याची नाही.

2019 चा प्रो कबड्डीचा सातवा हंगाम आठव. तमिळ थलाइवाज संघात अजय ठाकूर होता, ज्याने 2016 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणच्या हातातला सामना भारताकडे ओढून आणला आणि ज्याला पुढे पद्मश्री मिळाली. राहुल चौधरी होता, मनजीत छिल्लर होता, मोहित छिल्लर आणि रणसिंगही होते. चढाईच्या आणि पकडीच्या गुणांच्या याद्यांत ज्यांची नावं वर असायची, असे लोक एकाच जर्सीत आले. नावं वाचून कुणीही या संघाला पहिल्या दोनांत धरलं असतं. हंगाम संपला तेव्हा बारा संघांत तो बारावा होता.

अशा निकालावर लोक लगेच म्हणतात की मोठ्या खेळाडूंचं एकमेकांशी जमत नाही, अहंकार आडवा येतो. मला हे उत्तर अपुरं वाटतं. चांगल्या स्वभावाची सात माणसंसुद्धा चुकीच्या जागी उभी राहिली तर हरतात. राहुल आणि अजय दोघेही अशा संघांत वाढले होते जिथे अडचणीची रेड त्यांच्याकडेच यायची. सलग दोन रेड रिकाम्या गेल्या, आता तिसरी करो या मरो, तर जायचं कुणी? एकच हुकमी रेडर असेल तर हा प्रश्न उभाच राहत नाही. दोन असतील तर तो आधी सोडवून ठेवावा लागतो, आणि मैदानावर त्यासाठी वेळ नसतो.

आता कबड्डीचा एक नियम तुला पुन्हा सांगतो. तो तुला पाठ आहे, पण पकडीच्या बाजूने तू त्याच्याकडे पाहिलेलं नाहीस. रेडर बाद झाला की तो बाहेर बसतो. स्वतःच्या बळावर त्याला आत येता येत नाही. त्याच्या संघाने समोरचा गडी बाद केला की तो जिवंत होतो, तेही बाद झालेल्यांच्या क्रमाने. म्हणजे तुमचा सर्वांत भारी रेडर बाहेर बसला असेल तेव्हा त्याला परत आणायचं काम बहुतेक वेळा पकडीवर येतं. कॉर्नरने घोटा धरला आणि कव्हर वेळेवर आत आला नाही, तर समोरचा रेडर पाय ओढत मध्यरेषेला हात लावतो, आणि तुमचा हिरो आणखी दोन मिनिटं बाहेरच. शाळेत तू रेडर होतास तेव्हा तुला कोण परत आणत होतं, आठवून बघ. त्या पोरांची नावं तरी कधी कुणी माइकवरून घेतली का? विभागाच्या संघात ते काम आता तुझ्याकडे आलं आहे. तुझ्या खांद्याची रुंदी आणि आत झेप घेण्याचा वेग बघून सरांनी ते दिलं असणार. ही शिक्षा आहे असं समजू नकोस.

मोठी नावं एकत्र बसूच शकत नाहीत, असंही नाही. पुणेरी पलटण बघ. 1 मार्च 2024 ला हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डीचा करंडक घेतला. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. सोबत पंकज मोहिते आणि मोहित गोयत. तिघेही रेडर, तिघेही एकेका संघाचे मुख्य रेडर होऊ शकले असते. त्या हंगामात चढाईच्या गुणांच्या यादीत पहिल्या पाचांत पुण्याचा एकही खेळाडू नव्हता, आणि तरी संघ अव्वल. रेड तिघांत वाटल्या गेल्या, त्यामुळे कुणा एकाला बांधून ठेवून पुण्याला अडवता येईना. अंतिम सामन्यात पुण्याकडून सर्वाधिक गुण घेतले ते कर्णधाराने नव्हे, पंकजने. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई त्याच हंगामात 2 कोटी 35 लाखांना घेतलेला, म्हणजे पैशाने तर पुण्याचा तोच सर्वांत मोठा तारा. त्याने डावा कॉर्नर धरला आणि हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांनी ही घडी बसवली, पण घडी एका दिवसात बसत नाही. त्याच्या आदल्या हंगामात हाच संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून हरला होता. संघ हरला, तरी एकत्र थांबला, मग जिंकला. तुम्हाला एवढा वेळ मिळणार नाही. शिबिराचे दिवस संपले की सामने. म्हणून जे पुण्याला दोन वर्षांत जमलं ते तुम्हाला ठरवून, बोलून आधीच करावं लागेल.

बास्केटबॉलमध्ये हीच गोष्ट अजून कडक आहे: पाच खेळाडू, एक चेंडू आणि 24 सेकंदांत तो टाकायचा. अमेरिकेने 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकला टिम डंकन, ॲलन आयव्हरसनसारखी माणसं पाठवली आणि पहिल्याच सामन्यात प्वेर्तो रिकोने त्यांना 92-73 ने हरवलं. सुवर्ण गेलं ते वर्षानुवर्षं एकत्र खेळणाऱ्या अर्जेंटिनाकडे. पण मला तुला ख्रिस बॉशचं सांगायचं आहे. टोरांटोला असताना शेवटच्या वर्षी तो सामन्याला सरासरी 24 गुण करायचा, संघ त्याच्याभोवती फिरायचा. 2010 मध्ये तो मायामीला लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड यांच्याबरोबर आला. पहिल्या वर्षी तिघं मिळून अंतिम फेरीत हरले. मग बॉशने जागा बदलली, स्वतःपेक्षा दांडग्या गड्यांना अडवायचं काम घेतलं. 2013 च्या अंतिम मालिकेत सहावा सामना हातचा निसटत होता, तेव्हा बाहेर उडालेला चेंडू बॉशने पकडला आणि रे ॲलनकडे दिला. ॲलनने तीन गुणांची फेक करून बरोबरी साधली. सातव्या सामन्यात बॉशच्या नावावर एकही गुण नव्हता. मायामीने विजेतेपद जिंकलं.

आपल्या पाड्यावर घर उभं राहतं तेव्हा सगळ्यांत तयार माणूस छपरावर चढतो. पण खालून कौलं वर देणारा हात चुकला तर वरच्याला नुसतं बसून राहावं लागतं. तू दोन्ही कामं केली आहेस, तुला मी वेगळं काय सांगू?

एका बाबतीत मात्र मी तुझ्यावर नाराज आहे. तू सरांना काहीच विचारलं नाहीस. आपल्याकडची पोरं बाहेर गेली की गप्प होतात. घरी पावरी बोलतात, चारचौघांत मराठी बोलताना कुणी हसेल म्हणून तोंड उघडत नाहीत, आणि मग दिलेली जागा मनात कुढत स्वीकारतात. कव्हरला गप्प राहून चालत नाही. रेडर कुठे झुकतोय, कॉर्नर कधी जाणार, साखळी किती पुढे सरकवायची, हे तुला ओरडून सांगावं लागेल. मराठी अडली तर अडू दे. दोन दिवसांत पोरांना तुझे शब्द कळतील.

आणि सरांकडे जाऊन सरळ विचार: सर, मी कव्हर खेळतो, पण पहिला रेडर बाद झाला की तिसरी रेड मला द्याल का? 'हो' म्हणाले तर त्या रेडचा वेगळा सराव कर. 'नाही' म्हणाले तर का नाही ते विचार, आणि उत्तर ऐकून घे. स्वतःचं कसब पुरून टाकावं असं मी कधीच म्हणणार नाही. महाराष्ट्राच्या निवडलेल्या संघाने 2018 मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली 11 वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, तो संघही गावोगावच्या पहिल्या नंबरवाल्यांचाच होता. त्यांनीही आपापसांत कामं वाटूनच घेतली असणार.

आईला काळजी वाटते, तिला स्वतः फोन कर. आणि उद्या सकाळच्या सरावाला जाण्याआधी तुझ्या कॉर्नरच्या पोराशी बोल. तो राजूरचा आहे, असं तुझी आई म्हणाली. त्याला विचार, तू पाय कधी धरतोस, मी कधी यायचं. बाकीचं मैदानावर शिकशील.

तुझा
मामा