विहिरीवरील पंप उघडताना घ्यावयाची दक्षता

रब्बीची पिके ऐन भरात असताना पंप बंद पडला की तो घाईघाईने उघडला जातो. अपघात होतात ते अशाच घाईत. प्रस्तुत लेखात विजेच्या मोटारीस जोडलेल्या व विहिरीच्या काठावर किंवा आतील कट्ट्यावर बसविलेल्या सेंट्रिफ्यूगल पंपाचाच विचार केला आहे. पाणबुडी पंपाची रचना निराळी असल्याने त्यास ही रीत लागू पडत नाही.

पंप उघडण्याची खरोखर गरज आहे काय, हे प्रथम पाहावे. पाणी न चढण्याचा दोष पुष्कळदा पंपात नसून चोषण नळीत असतो. पंपात पाणी भरून नरसाळ्यातील पातळी पाहावी. ती भराभर उतरू लागल्यास फूट व्हॉल्व्ह, ज्यास आपले शेतकरी सर्रास 'फुटबॉल' म्हणतात, तो गळत आहे असे समजावे. त्यात अडकलेली काडी किंवा झिजलेले चामडे हेच त्याचे कारण असू शकते. शिवाय हवेच्या दाबाने पाणी तत्त्वतः सुमारे 10 मीटर चढत असले, तरी व्यवहारात चोषणाची उंची 6 ते 7 मीटरच धरावी. उन्हाळ्यात पातळी याहून खाली गेली असल्यास दुरुस्तीचा काही उपयोग नाही. पंपच खाली घ्यावा लागतो.

पंप उघडण्याचे ठरल्यावर पहिले काम विजेचे होय. आधी स्टार्टर बंद करावा, मग मेन स्विच पाडावा, आणि त्यानंतर तीनही किटकॅट काढून काम करणाऱ्याने ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. पेटीवर ठेवू नयेत. वाटेने जाणारा एखादा भला माणूस मदत म्हणून ते पुन्हा बसवितो! 'वीज गेलेली आहे, आता कसली भीती' ही समजूत तर फारच घातक आहे. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, आणि अनेक ठिकाणी स्टार्टरला ऑटोस्विच जोडलेला असतो. वीज येताच मोटार आपोआप फिरू लागते. त्या वेळी हात पंख्यात असेल तर बोटे जाण्यास क्षणही लागत नाही. मोबाइलवरून चालू होणाऱ्या स्टार्टरचीही गोष्ट तीच. टेस्टर आधी चालू तारेवर तपासून घ्यावा व मग मोटारीच्या तीनही टोकांना लावून पाहावा. कपॅसिटर असल्यास त्यातील भार उतरण्यासाठी निदान पाच मिनिटे थांबावे. तारा सोडविणे व जोडणे हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे, आणि सोडविण्यापूर्वी प्रत्येक तारेवर खूण करावी.

यानंतर विसर्ग नळीवरील व्हॉल्व्ह बंद करून पंपाच्या तळाचा बूच सोडावा व पाणी निघून जाऊ द्यावे. पाणी 10 मीटर चढावर नेले असेल, तर त्याचा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब पंपावर असतो. म्हणून सर्व बोल्ट एकदम काढू नयेत. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे सैल करावेत आणि दाब उरला नाही याची खात्री झाल्यावरच झाकण ओढावे.

पंख्याची चाकी काढताना तिचे आटे पाहून घ्यावेत. काही पंपांत ते डावे असतात, आणि उलट्या बाजूने जोर केल्यास शाफ्टचे आटे जातात. पंखा बिडाचा असतो. हातोड्याने ठोकल्यास तडकतो, म्हणून पुलर वापरावा. बेअरिंग बसवितानाही ठोका बाहेरच्या कड्यावर न देता, शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या कड्यावर नळकांडे टेकवून द्यावा.

ग्लँडकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. जुन्या दोऱ्यावरच नवा दोरा ठासण्याची सवय वाईट आहे. जुना दोरा आकड्याने पूर्ण काढावा, शाफ्ट पुसून त्यावर चर पडले आहेत काय ते पाहावे, आणि नव्या दोऱ्याची कडी तिरकी कापून एकेक बसवावीत. लागोपाठच्या कड्यांचे जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत. ग्लँडच्या चाक्या दोन्ही बाजूंनी सारख्या आवळाव्यात. पंप चालू असता ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडलेच पाहिजे. ते पूर्ण बंद करण्याच्या हट्टाने दोरा जळतो व शाफ्ट झिजतो. मेकॅनिकल सील असलेल्या पंपात मात्र अशी गळती चालणार नाही.

पंप विहिरीतील कट्ट्यावर असल्यास आणखी एक धोका संभवतो. खोल विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो. तेथे डिझेल इंजिन चालविले असल्यास विषारी वायू साचतो. कंदील सोडून पाहण्याची रीत अपुरी आहे, कारण या विषारी वायूने ज्योत विझत नाही. विहिरीत इंजिन चालवूच नये, आणि वर माणूस ठेवून, कमरेस दोर बांधूनच उतरावे. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे धाव घेऊन उतरू नये. दोराने वर ओढावे.

जोडणी झाल्यावर शाफ्ट हाताने सहज फिरतो काय ते पाहावे. कपलिंगचा पंप असल्यास कपलिंग जोडण्यापूर्वीच मोटार क्षणभर चालवून तिची दिशा पंपावरील बाणाशी ताडून घ्यावी. मोनोब्लॉक पंपात आधी पाणी भरावे. दिशा उलट आल्यास पुन्हा वीज तोडून कोणत्याही दोन फेजच्या तारांची अदलाबदल करावी. कपलिंगवरील जाळी बसविल्याशिवाय पंप चालू करू नये.