ताप सांगता, काम का सांगत नाही?

पावसाळ्यात ताप घेऊन आलेला माणूस सगळं दुखणं सांगतो, फक्त काम सांगत नाही. वाशीच्या एपीएमसीत पाठीवर गोणी वाहणाऱ्या माथाडीचा ताप आणि बेलापूरच्या एसी ऑफिसातला ताप पहिले दोन दिवस सारखेच दिसतात. काम कळलं, तर माथाडीच्या बाबतीत आम्हा डॉक्टरांना आधी लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची शंका येते.

लेप्टोस्पायरा हा मळसूत्री आकाराचा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. दाणा बंदर असो की कांदा-बटाटा मार्केट, धान्य-भाजी तिथे उंदीर आलेच. गाळ्यांपुढे पाणी तुंबलं की ती लघवी त्यात मिसळते. कोरड्यात जिवाणू लवकर मरतो, ओल्या चिखलात आठवडेच्या आठवडे तग धरतो. उंदीर चावायची गरजच नाही. टाचेची भेग, बोटाची चीर किंवा डोळ्याला लागलेला ओला हात पुरतो. जपानच्या इनादा आणि इदो या डॉक्टरांनी १९१५च्या सुमारास हा जिवाणू शोधला, तोही कोळसा खाणकामगारांच्या आजाराचा माग काढताना. मुंबईकरांना त्याचं नाव पाठ झालं ते २६ जुलै २००५च्या पुरानंतर.

संसर्गानंतर साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. डोळे लाल होतात आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. डोळे पिवळे दिसले, लघवी कमी झाली, दम लागला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून खाऊ नका, आधीच सुजलेल्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. पॅरासिटामॉल चालेल.

या पाण्यापासून वाचवणाऱ्या गमबुटात पाय शिजतात, घसरायला होतं, ही कामगारांची तक्रार खरीच आहे. पण त्यावर उपाय चप्पल नव्हे, मापाचे आणि खाचदार तळव्याचे बूट. ते देणं मालकाचं काम. जखमेवर वॉटरप्रूफ पट्टी लावा, कामाची पाळी संपल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करा. तुंबलेल्या पाण्यात काम करावंच लागलं, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. डॉक्सिसायक्लिन द्यायचं की नाही, हे ते ठरवतील. गरोदर बाईने ते परस्पर मुळीच घेऊ नये.

आणि पहिल्या चार-पाच दिवसांत लेप्टोची रक्ततपासणी निगेटिव्ह आली, म्हणून डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या मधेच सोडू नका. रक्तात प्रतिपिंडं दिसायला तेवढा वेळ लागतोच.